कडंचा हात

ताईच्या कुडत्याच्या गळ्याला कायम तीन सुया टोचलेल्या असायच्या. एक लाल दोऱ्याची, एक काळ्या, एक पांढऱ्या. जेवाय बसली तरी तशाच. मी म्हनायचे, "ताई, एक दिस सुई घासात जाईल." ती म्हनायची, "जाऊ दे मावशी, आतून शिवत बसेल." आसं बोलायची आन् तोंडावर हसू यायचं न्हाई. हसायचं काम माझ्यावर.

मी लोनावळ्यात एकोनीस वर्सं बंगले झाडले. शनवारी मानसं यायची, सोमवारी मी बाटल्या उचलायचे. आमची वाडी बेडशाच्या वरल्या अंगाला. सकाळी उतरायचं, जीप धरून कामशेत, तितनं लोनावळा. जमीन धरनाच्या पान्याखाली गेलती, धनी त्याच्या आधी गेले, मग बसून खायला घालनार कोन? तर आसं.

एका बंगल्याला लय ओल. भिंती काळ्या पडलेल्या. कोनी भाड्यानं घेईना, तो हिनं घेतला. टेम्पोतनं सामान उतरलं तवा मी बगतच राह्यले. खाट न्हाई, कपाट न्हाई, नुस्ती पोती. मला वाटलं भंगारवाली हाय. पोत्यात जुने परकर, पायजमे, एकएकटे मोजे, आन् डबे भरून बटनं.

वय आसंल पंचेचाळीस. वाळकी, केस बारीक कापलेले, कानात काय न्हाई, हातात काय न्हाई. तिसऱ्या दिशी मी इचारलं, "ताई, मालक कुटं असत्यात?"

"नाहीत."

"गेले व्हय?"

"नाही हो. आलेच नाहीत."

"मग पोरंबाळं?"

तिनं पोत्यावर थाप मारली. "ही काय, एवढी."

त्या चिंध्यांच्या ती बाहुल्या करायची. हात घालून हालवायच्या. बैठकीच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड लावलेलं, भर दुपारी आत गुडूप. एक जुना पिवळा दिवा, त्याच्याजवळ उभं राह्यलं की तव्याजवळ उभं राह्यल्यागत. त्या उजेडात बाहुल्यांचा खेळ करायची, फोनात धरायची, आन् जगाला दाखवायची. खेळाचं नाव 'पोटात कोण'. एक घर. त्यात कापडाची आई, बाप, आत्या आन् मोती कुत्रा. तीन-चार भाग झाले की एक जन घरातनं कमी व्हतो. तो कुटं गेला ते कोनी इचारत न्हाई. जेवायला बसत्यात, गप्पा मारत्यात. फकस्त दुसऱ्या कुनाचं तरी पोट मोठं झालेलं असतं. बास. रगात न्हाई, वरडनं न्हाई. मी पैल्यांदा बगितलं आन् दोन दिस मला भाकर ग्वाड लागली न्हाई.

मी म्हनले, "ताई, आसलं कशाला करता? देवाधर्माचं करा."

ती परकराची शिवण उसवत व्हती. म्हनली, "आमच्या घरी असंच होतं मावशी. माणूस कमी झालं की त्याचं नाव घ्यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी गिळलं असणार."

आमच्या बी घरात तसंच. माझी दुसरी लेक चार वर्सांची तापानं गेली. सासू म्हनली, नाव काढायचं न्हाई. तवापासनं कोनी काढलं न्हाई. मी बी न्हाई.

मला गोधड्या शिवायचं येतं आसं कळल्यावर तिनं माझा झाडू काढून घेतला. म्हनली, "झाडायला कुणीही मिळेल." आन् मला बाहुल्यांची पोटं शिवायला लावली. आता आमच्याकडं रीत हाय. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा घास ठेवायचा. न्हाईतर गोधडी उपाशी ऱ्हाती, आन् उपाशी गोधडी पोराची झोप खाती, आसं माझी आय म्हनायची. हाताला वळण पडलेलं. मी बाहुलीच्या पोटात बी घास ठेवला आन् शिवून टाकलं.

हवा दमट, दिवा गरम. पाचव्या भागात ताई आत्याला हालवत व्हती आन् आत्याच्या पोटाच्या शिवणीतनं मुंग्या निघाल्या. लाल. एकामागं एक, गळ्यावरनं वर, बटनाच्या डोळ्यावर. मी कडंला उभी. ताई थांबली न्हाई. खेळ संपवला, फोन बंद केला, मग मला म्हनली, "मावशी, पोटात काय घातलंत?"

"घास."

"कसला घास?"

मी सांगितलं. ती खाली बसली. मला वाटलं आता काम गेलं. ती म्हनली, "यापुढे भाकरी नको. भाजलेले तांदूळ घाला. पण उपाशी कुणाला ठेवू नका."

तो भाग लोकास्नी लय भावला. आन् तवापासनं त्यो दुसरा खेळ सुरू झाला.

लोक फोनात खेळाच्या खाली लिवायचे. ताईला बारीक अक्षर बगवत नव्हतं, डोळं दुखत्यात म्हनायची, म्हनून फोनातली बाई मोठ्यानं वाचून दाखवायची. त्या बाईच्या आवाजाला ना दुख ना सुख. मी तांदूळ निवडत ऐकायचे. एक म्हनं, मुंग्या सतरा हायेत, सतरा म्हंजे आत्या मेली तवाचं वय. दुसरा म्हनं, न्हाई, मुंग्या म्हंजे सरकार. एका बाईनं लिवलं, मुंग्या म्हंजे आठवनी, त्या आतनं खात्यात.

"ताई, ह्यास्नी सांगा की भाकर व्हती."

"सांगू नये मावशी. इतकं प्रेमानं शोधतायत."

मागं भिंतीवर माझं सूप टांगलेलं असायचं. त्याची अर्धी गोल सावली पडायची. त्याच्यावरनं कुनीतरी शोधून काढलं की ती बेडशाच्या लेण्याची कमान हाय, आन् खरं गुपित तितं दगडात कोरलंय. पोरंपोरी वर चढून दगडं चाचपाय लागली. लेण्याच्या पायऱ्यांपाशी माझी पुतनसून ताक विकती, ती म्हनली, "आत्याबाई, ह्या पोरांचं काय हरवलंय वो?" मी म्हनले, "माझं सूप." तिला काय कळलं न्हाई.

ताईचं मात्र काय तरी बिघडत व्हतं. आधी ती सुईत दोरा एका झटक्यात घालायची. मग जिभेवर धरून, मग दोनदा, चारदा. मग एक दिस म्हनली, "मावशी, तीनही सुया तुम्हीच ओवून ठेवत जा." मी ठेवल्या. दुसऱ्या दिशी आत्याच्या पांढऱ्या चोळीला काळा टाका. तिसऱ्या दिशी ती दारातल्या बादलीला धडकली. बादली रोज तितंच असायची.

मी म्हनले, "ताई, मोतीबिंदू आसंल. माझा काढला फुकटच्या शिबिरात, सकाळी गेले, दुपारी भाकर खाल्ली. चला."

ती म्हनली, "मोतीबिंदू नाही. काचबिंदू. कडेकडेनं जातं, मधलं शेवटी. गेलेलं परत येत नाही." आसं म्हनली जसं काय बाजाराचं सांगती. मग माझ्याकडं मान वळवून, पार सगळी मान वळवून, म्हनली, "आत्ता मी तुम्हाला नळीतून पाहतेय. तुमचं नाक दिसतंय फक्त. छान आहे नाक."

"औशीद?"

"थेंब घालते. पण बारा भाग ठरवलेत, नऊ झालेत. भावाला कबूल केलंय, बारावा झाला की घरी येते. तो म्हणतो आत्ताच ये. आत्ता गेले तर आई तशीच राहील, पोट फुगलेली. तिचं तोंड कुणी उघडायचं?"

तिचा भाऊ पुण्याचा. दर ऐतवारी फोन करायचा. मानूस वाईट नव्हता. त्याला फकस्त पडायची भीती, ही कुटं जिन्यावरनं पडंल. ताईला न पडता नुस्तं बसून राह्यची भीती.

मग आमी एक तोड काढली. लाल दोऱ्याच्या बुडाला एक गाठ, काळ्याला दोन, पांढऱ्याला तीन. ती बोटानं गाठ चाचपायची आन् रंग ओळखायची. गाठी कापडावर उठून दिसायच्या, त्या लपवायला तिला दिसायचं कुटं? लोकांनी चार दिसात गाठी मोजल्या. फोनातली बाई वाचाय लागली: एक गाठ जिवंत, दोन गाठी मेलेला, तीन गाठी ज्याला ठाऊक न्हाई की आपुन मेलोय. ताईनं हातातली बाहुली चाचपली. "मावशी, बाबांना किती गाठी?" "तीन." "मग बरोबरच आहे की," म्हनली. त्या दिशी ती पैल्यांदा दात दिसंस्तवर हसली.

दहाव्या भागापासनं बाहुल्या सगळ्या मधी यायला लागल्या. तिला तेवढंच दिसायचं, ती तेवढ्यातच मांडायची. कडंला निस्ता अंधार. त्याच्यावर बी लोकांनी लिवलं. कडंचा अंधार म्हंजे मरन, प्रत्येक भागाला दोन बोटं पुढं सरकतंय. एकानं फूटपट्टी लावून मोजलं व्हतं म्हनं. त्याच अंधारात कडंला एक म्हाताऱ्या बाईचा हात दिसाय लागला. गोंदलेला.

तो माझा. मी बाहुलीला खालनं आधार द्यायचे, आन् ताईला कडंचं दिसत नसल्यानं तो हात चित्रात गेला. माझ्या मनगटावर तुळस गोंदलीय, अर्धी. लहानपनी जत्रंत गोंदनारीनं खोड काढलं, एका बाजूची पानं काढली, आन् मला लय दुखलं, मी रडत पळाले. राह्यलं ते राह्यलं. लोकास्नी त्या हाताची लय भीती बसली. हा हात गिळतो, म्हनाय लागली.

त्याच दिसांत एकदा मी जीपमधनं वाडीला चालले व्हते, वरचा दांडा धरलेला. शेजारी दोन पोरी, पाठीवर पिशव्या, बेडशाला निघालेल्या. एकीनं माझा हात बगितला आन् तिचा चेहरा पांढरा झाला.

"आजी... हे अर्धं का आहे?"

"रडून पळाले."

"नाही, म्हणजे याचा अर्थ काय?"

"दुखलं, ह्यो अर्थ."

ती दुसरीला म्हनली, "सांगणार नाहीत गं त्या." मग माझ्याकडं वाकून हळू आवाजात, "आजी, खरं सांगा ना. ते घर कुठे आहे?"

आता घर सांगितलं आसतं तर दारात रांग लागली आसती, आन् पैल्या पोरीलाच कळलं आसतं की बाईला दिसत न्हाई. ताईनं मला तेवढंच सांगून ठेवलं व्हतं. "मावशी, कळलं की लोक खेळ बघणार नाहीत. माझी कीव बघतील." म्हनून मी म्हनले, "शिरगावला. साईबाबांच्या देवळाच्या मागं." पोरी फाट्यावर उतरून मागं फिरल्या. दर्शन तरी झालं आसंल.

एकच चिठ्ठी निराळी आली. फोनातली बाई बाकीच्यांसारखीच वाचत गेली: "बाहुल्या आता फक्त मधोमध असतात. टाक्यांचे रंग चुकतात. बनवणाऱ्या व्यक्तीनं डोळे तपासून घ्यावेत. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

ताई म्हनली, "परत वाच." बाईनं परत वाचलं. मग ताईनं फोन माझ्याकडं दिला आन् कुटं दाबायचं ते सांगून ती चिठ्ठी पुसायला लावली. मला अक्षर येत न्हाई, पन त्या दिशी मी एक पुसलं. सांजच्याला मी निघाले तवा म्हनली, "हजारो लोकांनी खुणा शोधल्या मावशी. त्या एकानं मला पाहिलं."

अकराव्या भागानंतर मधलं बी गेलं. सकाळी मी आले तर ती पायरीवर बसलेली, चहाचा कप हातात, गार. म्हनली, "आज धुकं आहे का?" ऊन पडलेलं व्हतं. मी म्हनले, "हाय थोडं." मग म्हनले, "न्हाई ताई. ऊन हाय." ती म्हनली, "हं."

भावाला तिनं कळवलं न्हाई, तो ठरल्या ऐतवारी न्यायला येनार व्हता. बारावा भाग बाकी व्हता.

शेवटच्या खेळात घरात एकटी आई उरलेली. पोट एवढं की खोलीत मावंना. ती सोत्ताच्या हातानं पोटाची शिवण उसवती आन् गिळलेल्यांची नावं घेती. तेवढंच. ते पोट मी आठ दिस शिवत व्हते, जुन्या गोधडीचं, आत पसाभर भाजलेले तांदूळ. ताई आवाज देनार, मी हात घालनार. फोन कुटं ठेवायचा ते तिनं वितीनं मोजून ठरवलं. दिवा तिच्या उजव्या गालाकडं.

दुपारचे बारा आसतील. खेळ सुरू झाला. ताईनं आईच्या आवाजात पैलं वाक्य म्हनलं, "आज जेवायला सगळे आहेत." आन् मी पैला टाका उसवला. दुसरा उसवला. तेवढ्यात लाईट गेली.

काळं कापड, काळी भिंत, डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. फोनाची तेवढी लाल टिकली चालू. मला बोलायला पायजे व्हतं. ताई, थांबा, दिवा गेला, एवढंच. पन तिचा आवाज लागला व्हता. आसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. आन् आठ दिस शिवलेलं पोट परत कोन शिवनार, तवर ऐतवार येनार, भाऊ येनार. मी गप राह्यले. अंधारात मी बी तिच्यासारखीच. बोटानं टाका शोधायचा, तोडायचा. टाका तुटल्याचा आवाज येत व्हता.

ताई म्हनली, "बाबा." एक टाका. "आत्या." एक टाका. "मोती."

तिची नावं संपली. पन पोटाला एक टाका राह्यला व्हता, माझ्या बोटाखाली. मला कळलं न्हाई कसं ते. मी तो तोडला आन् माझ्या तोंडातनं गेलं, "मंदा."

तांदूळ फरशीवर सांडले. ताई हालली न्हाई. मग आपल्या आवाजात म्हनली, "झालं."

लाईट आली ती तीन वाजता. तवर तिनं मला फोन बंद करायला सांगून, आहे तसा तो भाग लोकास्नी धाडला बी व्हता. दिवा गेल्याचं मी सांगितलं न्हाई. आता बोलून काय?

लोक म्हनाय लागले, हाच सगळ्यात भारी. बाईनं शेवटी बाहुलीच दाखवली न्हाई, पोटाच्या आतला अंधार दाखवला. आन् मग एकच धोसरा, मंदा कोन? ही म्हातारी कोन बोलली? एक म्हनं, मंदा म्हंजे ते घर. एक म्हनं, मंदा म्हंजे बगनारे आपुन. पाक पैल्या भागापासनं लोकांनी मंदाला हुडकलं. फोनातली बाई त्या सपाट आवाजात तिचं नाव घेत व्हती, पन्नास येळा, शंभर येळा. मी तितं बसून ऐकायचे. इतक्या वर्सांत माझ्या घरात तिचं नाव एकदा बी निघालं नव्हतं.

मला कोनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. पन खरं सांगितलं की पटत न्हाई, ते मी जीपमधी बगितलं. ताईनं तर इचारलंच न्हाई.

ऐतवारी भाऊ आला. बहिनीचे डोळे बगून त्यानं दाराच्या चौकटीला धरलं. मग पोती उचलून गाडीत ठेवाय लागला, जड तेवढी आधी. तो आत गेला तवा ताई पायरीवर माझ्याशेजारी बसली. माझं मनगट धरलं, अंगठ्यानं चाचपलं.

"गोंदण लागत नाही हाताला," म्हनली.

"कातडीच्या आत असतं ते."

मग म्हनली, "मावशी, त्या दिवशी दिवा गेला होता ना?"

"व्हय."

"गाल गार पडला होता माझा. दुसऱ्या टाक्यालाच."

"मग थांबला का न्हाई?"

"तुम्ही का नाही थांबवलंत?"

तिनं गळ्यातल्या तिन्ही सुया काढल्या, माझ्या पदराला टोचल्या, गाठी चाचपून, लाल, काळी, पांढरी, आन् उठली.

भावानं तिला गाडीत बसवलं. गाडी चालू झाली. तिनं काच खाली केली आन् हात हालवला. मी पायरीवर, डाव्या अंगाला. ती हात करत व्हती उजवीकडं, पान्याच्या टाकीकडं. तोंड बी तिकडंच, हसतं. भाऊ म्हनाय लागला, "अगं, त्या तिकडे..." मी त्याला हातानंच गप केला. चपला न घालता उतरले, चालत गेले आन् टाकीपाशी जाऊन उभी राह्यले, जितं ती बगत व्हती तितं. मग मी हात केला.